सप्तमीचा खुंट

माघ वद्य सप्तमीच्या पहाटे पाच वाजता तुळसा पिलणकरीण आपल्या घरात स्वस्थ झोपली होती, ही बातमी सातच्या आत सगळ्या तरवाडीला कळली. कळवणारा बाबल्या. खरं नाव बाबाजी, वय पासष्ट, पण गावानं एकदा बाबल्या म्हटलं की माणूस सरणावर जाईपर्यंत बाबल्याच राहतो. साडेचारपासून तो कानटोपी घालून, बिडी ओढत खाडीच्या काठावर बसला होता. भरती आली, टिकली, उतरायला लागली, तरी तुळसाचा पत्ता नाही. तेव्हा तो उठला, ढुंगणाची माती झटकली आणि दारोदार सांगत सुटला, "खुंट कोरडा! तिसरं वरीस! सुटला पिलणकरांचा खुंट!"

परगावच्या माणसाला वाटेल, बाई झोपली यात एवढं बोंबलण्यासारखं काय? तर ते आधी सांगायला हवं.

भाट्याच्या खाडीला वरून काजळी नदी येऊन मिळते. त्या खाडीच्या एका आतल्या वळणावर तरवाडी आणि तरवाडीच्या पायाशी खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी नि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची सपाटी. खाजणाच्या कडेला सात लाकडी खुंट आहेत, सात घरांचे सात. माघी पुनव सरली की प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत रोज एका घरानं आपल्या खुंटापासून जाळं लावायचं. पहिल्या दोन माशांची जोडी काठावरच्या राखणदार देवाच्या दगडावर ठेवायची. मग मानकऱ्यानं पाण्याकडे तोंड करून पुकारायचं, अमक्याचा खुंट ओला! एवढं झालं की वर्षभर ती जागा त्या घराची. खुंटाला आणि जाळ्याच्या वरच्या दोरीला हात मात्र घरातलाच लागला पाहिजे, बाकी चिखल तुडवायला कोणीही येवो. आणि लागोपाठ तीन वर्षं जोडी पडली नाही, तर खुंट उपटायचा आणि जागा शेजारच्या खुंटवाल्याला द्यायची. हे कुठं लिहिलेलं नाही. तरवाडीची माणसं लिहिलेलं मोडतील, पण हे मोडणार नाहीत.

पिलणकरांच्या शेजारचा खुंट बाबल्याचा. आणि हा बाबल्या तुळसाचा व्याही. तिची अक्षया त्याच्या नितेशला दिलेली, घरापासून घर दीडशे पावलांवर. व्याही-विहिणीचं नातं मुळात टोमण्यांवरच पोसलेलं असतं, पण या दोघांनी त्याचा कळस केला होता. लग्नात रुखवताच्या लाडवावरून सुरू झालेलं भांडण दहा वर्षं झाली तरी चालू होतं आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नव्हतं. पण खुंटाची गोष्ट टोमण्यातली नव्हती. बाबल्याला तो हवा होता. दोन खुंट लागून आले की जाळं दुप्पट लांब लागतं, आणि मग सगळ्या खाजणाचं तोंडच हाताशी येतं.

तुळसाचा नवरा सदू दोन वर्षांपूर्वीच्या पौषात गेला. त्या माघात सुतक होतं, खुंट कोरडा राहिला. दुसऱ्या वर्षी मुलगा दर्शन मुंबईहून येतो म्हणाला. आईनं जाळं शिवून ठेवलं, दोरी नवी ओवली, आणि सप्तमीच्या पहाटे हातखंब्यावरून येणाऱ्या गाडीची वाट बघत उंबऱ्यावर बसली. गाडी आली, त्यात दर्शन नव्हता. कंपनीत काम निघालं म्हणे. तोवर भरती उतरून गेली होती. पोराची वाट बघण्यात आपण पाणी घालवलं, हे तुळसाच्या मनातून वर्षभर गेलं नाही. आता हे तिसरं वर्ष. आज जोडी पडली नाही, तर सासऱ्याच्याही बापानं रोवलेला खुंट आजच जाणार होता.

आणि सप्तमी हा दिवसच असा करंटा. पुनवेला खाडीला उधाण असतं, मग पाण्यातला जोर रोज उतरत जातो. सप्तमीला भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत. सदूच्या आजोबांनी चिठ्ठी उचलली तेव्हा त्यांना हीच तिथी सापडली होती. त्यात यंदा थंडी हटायला तयार नव्हती. महाशिवरात्र आठवड्यावर आली तरी उत्तरेचा वारा सकाळी कानशिलं फोडत होता. आंब्याला ती थंडी मानवली, मोहर झाडाला मावेना. पण जे आंब्याला मानवतं ते माशाला मानवत नाही. नदीचं पाणी बर्फासारखं नि इतकं निवळ की माशाला जाळं शंभर हातांवरून दिसावं. पहिल्या तीन घरांना उधाणानं तारलं. चौथ्या-पाचव्याची कशीबशी जोडी पडली. आदल्या दिवशी षष्ठीला खुद्द बाबल्याच्या जाळ्यात चार शेंगट्या आणि एक फुटकी बादली आली होती. अशा पाण्यात ही एकटी बाई काय दिवे लावणार, असं सगळ्या वाडीला वाटत होतं. आणि ती तर झोपलेलीच!

साडेसातला बाबल्या तुळसाच्या अंगणात आला. मागे नितेश, खांद्यावर पहार, मान खाली. जावयाला सासूच्या दारात पहार घेऊन उभं राहायची वेळ आली तर दुसरं काय होणार?

तुळसा पायरीवर बसून चहा पीत होती.

"काय विहीणबाई, झाली का झोप?"

"झाली की. तुमची नाय झालेली दिसत, डोळे बोंबलासारखे झालेत."

"डोळ्यांचं सोडा. पाणी गेलं तुमचं. खुंट काढायला आलोय."

"आज सप्तमी ना, व्याही?"

"सप्तमीच."

"मग दिवसाला दोन भरत्या असतात, हे तुमच्या आईसनं शिकवलं नाय तुम्हाला? तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ, सात पाऊण सव्वापाच. एक पहाटे गेली. दुसरी संध्याकाळी येईल. नितेश, पहार ठेव बाबा खाली, खांदा दुखेल. चहा घेतोस?"

नितेशनं पहार खाली ठेवली आणि चहा घेतला. बापानं डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

संध्याकाळच्या भरतीवर मानाचं जाळं लावलेलं तरवाडीत कोणी पाहिलं नव्हतं. पहाटे लावायचं, सूर्य वर येताना मासा काढायचा, सकाळच्या बाजाराला न्यायचा, पुढं पाली-बिलीपर्यंतसुद्धा जायचा. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं आणि हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं की मासाच पहाटे येतो. मासा आपल्या सोयीनं येतो, बाजाराच्या नाही, हे सांगणार कोण?

बाबल्यानं घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट आणलं. "हे बघा! सप्तमी दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी संपते. तुमची भरती सव्वापाचची. तोवर अष्टमी लागली. अष्टमीला कोणाचाच खुंट नाय!"

तेव्हा दोघं मानकऱ्याकडे गेली. मानकरी बाळाभाऊ, सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं चष्मा शोधला, कॅलेंडर वाचलं, मागच्या पानावरचं राशिभविष्यही वाचलं.

"सूर्य उगवताना जी तिथी, ती दिवसभर," तो म्हणाला.

"संकष्टीला तर चंद्र बघतात!" बाबल्या म्हणाला.

"उपास सोडायचाय का तुला? खुंट सोडायचाय. सूर्य उगवताना सप्तमी होती, तर आज सप्तमी. पण तुळसा, सूर्य बुडला की दिवस संपला. राखणदाराचा दिवा लागला, की मग जोडी नाय चालायची. दिव्याच्या आधी."

"आधीच ठेवीन," तुळसा म्हणाली आणि रोज कालवं काढायचा कोयता कमरेला खोचत घरी निघाली.

बोलली ती ठासून, पण हिशेब तिलाही कळत होता. सव्वापाचला भरती पुरी होणार, पावणेसातच्या आत सूर्य बुडणार. मधे दीड तासही धड नाही. भांगाचं पाणी आधीच आळशी, ते दीड तासात उतरून उतरून उतरणार किती! तरी ती घाबरली नव्हती, कारण तिला जे ठाऊक होतं ते वाडीत दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

अकराला खाजण उघडं पडलं. तुळसानं लुगड्याचा काष्टा मारला, जाळ्याची मोळी डोक्यावर घेतली आणि चिखलात उतरली. आधी खुंट. दगडानं चार ठोके घालून तो पक्का केला. मग त्याच्यापासून वळण घेत एकेक काठी रोवत गेली, वीस काठ्या. जाळ्याची खालची कड काठ्यांच्या मुळाशी पायानं चिखलात दाबायची, वरची कड दुमडून चिखलावरच ठेवायची. पाणी त्याच्यावरून चढतं, मासा त्याच्यावरून आत जातो. भरती पुरी झाली की वरची दोरी उचलून काठ्यांना बांधायची, म्हणजे दार लागलं. सोपं वाटतं, पण वीस काठ्यांचं जाळं एकट्यानं पुरायचं म्हणजे कंबर निकामी होते.

सातव्या काठीशी ती पोचली तेव्हा मागून कोणीतरी जाळं तुडवत येताना दिसलं. अक्षया होती, साडीचा ओचा खोचून.

"तू कशाला आलीस? घरी सांगून आलीस का?"

"सांगून नाय आले. विचारलं तर सांगीन. चिखल तुडवायला कोणीही चालतं ना?"

"चालतं. पण तुला दोन घरांत ताणायची नाय मला."

"मी काय दोरी हाय, ताणायला?" अक्षया म्हणाली आणि पाय दाबत राहिली.

दोघी काम करत राहिल्या. ऊन चढत होतं. बाराव्या काठीशी अक्षया थांबली.

"आई, एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"दर्शनदादाचा काल मामंजींना फोन आला होता. म्हणाला, काढा तो खुंट. आई उगाच पाण्यात उतरेल, कुठं पडली-बिडली तर मी तिथं नाय. आमच्या घरातलं आता कोण मासे मारायला येणार?"

तुळसाच्या हातातली काठी तशीच राहिली. तिला वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. ज्याच्यासाठी खुंट राखायचा त्यानंच तो देऊन टाकला, तोही आईला न विचारता, फोनवरून, जुनं कपाट भंगारात काढावं तसा! दोन वर्षं ती मनातल्या मनात मानकऱ्याचा आवाज ऐकत होती, दर्शन पिलणकराचा खुंट ओला, दर्शन पिलणकराचा खुंट ओला. रात्री झोप येत नसली की हेच म्हणायची. आणि त्या मेल्याला आईच्या पडण्याची काळजी! तीस वर्षं या चिखलात ती रोज उतरत आली, तेव्हा कुठं गेली होती काळजी?

"पडते म्हणे," ती म्हणाली. "त्याला चालायला मी शिकवलं. धर ती काठी."

काठ्या संपल्या तेव्हा अक्षयानं विचारलं, "पण आई, संध्याकाळीच का?"

"पाय कसे हायत तुझे?"

"म्हणजे?"

"थंड का गरम?"

अक्षयानं बोटं चिखलात हलवली. "कोमट."

"सकाळी उतरून बघ, सुरीसारखा कापतो हाच चिखल. मी सकाळी कालवं काढते, दुपारी मुळे, शिंपले काढते. माझ्या पायांना दोन्ही ठाऊक. माघात नदीचं पाणी गार, खाडीचं गार, पण हा काळा चिखल अकरापासून उन्हात तापतो. त्याच्यावर दुपारचं उथळ पाणी चढलं की तेही कोमट होतं. सगळ्या खाडीत ऊब मिळते ती इथंच. मग मासा कुठं येईल? तू कुठं जाशील थंडीची, उन्हात का सावलीत? चार-साडेचारला बोयी शेपट्या वर काढून इथं चरताना मी पंचवीस माघ बघतेय."

"मग बाबांना नाय सांगितलंस?"

"सांगितलं की! म्हणाले, कालवं काढणारीनं कालवं काढावीत."

सदू चांगला नवरा होता. पण ऐकायचं नाही म्हणजे नाही, हा त्याचा बाणा होता, आणि दर सप्तमीला तो पहाटे कुडकुडत दोन मासे घेऊन यायचा.

चार वाजता सगळी वाडी काठावर जमली. बाबल्या सर्वांत पुढं, राखणदाराच्या दगडाला टेकून. पहार शेजारी. त्या आठवड्याची दिव्याची पाळीही त्याच्याच घराची, म्हणजे दिवा लावायचा तो अक्षयानं. ती तेलाची बाटली, वात आणि काडेपेटी घेऊन दगडाशी उभी होती. तिचं तोंड बघवत नव्हतं.

पाणी खाजणावर चढत होतं, पातळ, आवाज न करता. तुळसा खुंटाशी उभी राहिली. पाणी घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला आणि शेवटी मांडीला लागलं. सकाळचा वारा दुपारीच पडला होता.

"विहीणबाई, पाय दुखत असतील," बाबल्या काठावरून ओरडला. "पाण्यात काय देव बुडवून ठेवलेत का?"

"तुमची फुटकी बादली शोधतेय, व्याही! दुसरी मिळाली तर जोडी होईल!"

काठ हसला. बाबल्याही हसला, मग आपण कोणत्या बाजूचे हे आठवून गप्प झाला.

तुळसाची नजर पाण्यावरच्या एका आंब्याच्या पानावर होती. पान आत येत होतं, अजून येत होतं, मग रेंगाळलं. आणि थांबलं. त्याच क्षणी ती वाकली आणि खुंटापासची दोरी उचलली. पहिली काठी, गाठ. दुसरी काठी, गाठ. घाई करायची नाही, पाणी खळबळू द्यायचं नाही. चिखलात पाय उचलणारा रुततो, तुळसा पाय उचलतच नव्हती, सरकवत होती. पंधराव्या काठीशी तिच्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. तिनं पुढची गाठ मारली. विसावी गाठ बसली तेव्हा तिनं मान वर केली आणि बघितलं, तर जाळ्याच्या आतल्या बाजूला पाण्यावर बारीक बारीक सुरकुत्या उठत होत्या, दहा ठिकाणी, वीस ठिकाणी.

"आलेत," ती स्वतःशी म्हणाली.

आलेले होते, पण सापडायचे होते. मासा आत असून उपयोग नाही, पाणी उतरायला लागलं, त्याला बाहेरची आठवण झाली, की तो जाळ्याला भिडतो. आणि पाणी उतरायचं नाव घेईना. सहा वाजले. पाणी मांडीवरून जेमतेम चार बोटं उतरलं. सूर्य खाडीच्या तोंडावर हातभर उरला. सव्वासहाला चौथ्या काठीशी जाळं थरथरलं. तुळसा सरकत गेली, पाण्यात हात घातला आणि एक बोय वर काढली, चांगली हातभर, चांदीसारखी.

काठावर गलका झाला. बाळाभाऊनं एक बोट वर केलं. एक. जोडी म्हणजे दोन.

मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बोयी हुशार असतात, जाळ्याशी येऊन वळत होत्या, दोन-तीन तर दोरीवरून उड्या मारून बाहेरसुद्धा गेल्या. सूर्य पाण्यापासून बोटभरच वर उरला.

"अक्षया, वात ओढ," बाबल्या म्हणाला. आवाज मऊ होता, पण म्हणाला.

अक्षयानं वात ओढली. काडेपेटी उघडली. तिनं खाजणाकडे बघितलं, तशी तुळसा पाण्यातून ओरडली, "माझ्याकडे बघू नको! सूर्याकडे बघ. बुडला की लाव. तुझं काम तू कर, माझं मी करते!"

आणि ती मधल्या काठ्यांकडे वळली. जाळ्याचं पोट खोल तिथं, पाणी सर्वांत शेवटी तिथूनच जाणार. तिनं जाळ्याशी पाठ लावली, आणि आतल्या पाण्यात एक जोराची थाप मारली. पुन्हा थाप. पाण्यात खळबळ उडाली, बोयी सैरावैरा झाल्या, आणि त्यांच्या मागून चरायला आलेलं काहीतरी जड, सगळ्या अंगाचा जोर लावून, तिच्या कमरेशेजारी जाळ्यात घुसलं. वीसच्या वीस काठ्या हलल्या.

तिनं दोन्ही हात घातले. काटा तळव्यात घुसला, तरी सोडलं नाही. वर आली ती तांबोशी. अडीच-तीन किलोची, लालबुंद, जबडा उघडलेला.

मग तुळसा निघाली. एका काखेत बोय, दुसरीत तांबोशी, तळहातातून रक्त गळतंय, आणि मांडीभर पाण्यातून, मग गुडघाभर चिखलातून ती बाई अशी सरसर सरकत आली की काठावरच्या जाणत्यांना कळेना, ही चालतेय का वाहतेय. तीस वर्षांची कालवं त्या पायांत होती. सूर्य अर्धा बुडला. पाऊण बुडला. अक्षयानं काडी हातात घेतली. सूर्याची नखाएवढी कड पाण्यावर उरली असताना तुळसानं राखणदाराच्या दगडावर मासे ठेवले, एक रुपेरी, एक तांबडा. तांबोशीनं शेपटी आपटून बाबल्याच्या सदऱ्यावर चिखल उडवला.

"बुडला," बाळाभाऊ म्हणाला. "लाव गो दिवा."

अक्षयानं दिवा लावला आणि मग तिला जे रडू आलं, ते तिनं दिव्याच्या धुरावर ढकललं.

आता राहिलं नाव. बाळाभाऊ पाण्याकडे तोंड करून उभा राहिला आणि थबकला. "तुळसा, नाव कोणाचं पुकारू? सदू आता नाय. दर्शनचं घेतो?"

तिच्या ओठांवर ते नाव दोन वर्षं तयार होतं. तिनं ते गिळलं.

"दर्शननं खुंट काढा म्हणून सांगितलंय. व्याह्यांना विचारा. ज्यानं सोडला त्याचा कसा म्हणू? ज्यानं लावला त्याचा. माझं नाव घ्या."

बाळाभाऊनं घसा खाकरला. "बाईचं नाव आजवर पुकारलेलं नाय…"

"बाईनं आजवर जोडी ठेवलेली नाय," तुळसा म्हणाली. "आता ठेवलीय."

बाळाभाऊ खाली बघत राहिला. कोणी खोकलं, कोणी बिडी शोधली. आणि तेवढ्यात बाबल्या उठला. पहाटे साडेचारपासून हा माणूस या खुंटाच्या मागे होता, तिचा खुंट जावा म्हणून कॅलेंडर घेऊन भांडला होता, पहार घेऊन बसला होता. पण मासा त्यालाही कळत होता, आणि आज काय बघितलं हेही कळत होतं. त्यानं कानटोपी काढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि खाडीच्या पलीकडच्या काठावरून आवाज फिरून यावा असा ओरडला, "खुंट ओला! तुळसा पिलणकरणीचा खुंट ओला!"

मग मागे वळून म्हणाला, "बघताय काय मेल्यांनो? पाणी उतरतंय, आत अजून पन्नास बोयी हायत. टोपल्या आणा! नितेश, ती पहार घरी ठेवून ये आधी."

"आवाज चांगला हाय हो तुमचा, व्याही," तुळसा म्हणाली.

"पहाटेपासून तापवून ठेवला होता," बाबल्या म्हणाला. "दुसऱ्याच कामासाठी."

"पुढच्या वर्षी षष्ठीला संध्याकाळी लावा. शिकवीन."

"बघू," बाबल्या म्हणाला. म्हणजे लावणार.

उजेड जायच्या आत चार टोपल्या भरल्या. एक मोठी बोय तुळसानं बाबल्याच्या हातात दिली आणि सुनेच्या हातचं तिखलं खा म्हणून सांगितलं. मग काठावर बसून अक्षया तिच्या तळव्याला फडकं बांधत होती, तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. दर्शन. तुळसानं तो वाजू दिला. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं चिखलाच्या बोटानं बटण दाबून फोन कानाला लावला.

"आई! नितेशनं फोटो पाठवला! तू एकटीनं… आई, मला वाटलं… मी उगाच बोललो काल. खुंट राहिला ना आपला?"

"माझा राहिला," तुळसा म्हणाली.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या माघात सप्तमीला रजा टाक," ती म्हणाली. "चिखल तुडवायला माणूस लागतं मला. येतोस का, सांग. नायतर अक्षया हायच."

आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन पोरीच्या हातात दिला, लुगडं खोचलं आणि जाळं धुवायला पाण्यात गेली.